गाडीले हात नाही लावायचा

गॅरेजच्या फरशीवर ऑइलचे डाग असतात ना, तसे आमच्याकडे किस्से आहेत. एक घासून काढावा तर बाजूला दुसरा दिसतो. चहाला कोणी आलं की एखादा निघतोच, तो सांगेपर्यंत चहा थंड होतो, आणि थंड चहाची मला भयंकर चीड आहे. म्हणून म्हटलं, एकदाच सगळे सांगून टाकू.

गॅरेज पांढरकवड्याला, हायवेच्या कडेला. मालक शालीकदादा, माझा मावसभाऊ. जन्मभर नागपूर-हैदराबादचे ट्रक दुरुस्त केले, आणि पन्नाशीला आल्यावर त्याला जुन्या रेस कारचं वेड लागलं. लोकांना ह्या वयात शुगर होते, ह्याला हे झालं. मी वंदना, बीएस्सी केमिस्ट्री. मागच्या खोलीत गाड्यांचा शाम्पू आणि पॉलिश बनवते. तिसरा दिलीप पेंटर. अर्ध्या तालुक्यातल्या दुकानांच्या पाट्या त्याच्या हातच्या. रेषा इतकी सरळ काढतो की बघणारा खिशातून पट्टी काढून मोजतो. हे ध्यानात ठेवा, पुढे कामाला येईल.

*

माझं पहिलं वॅक्स. बाजारातल्या वॅक्समध्ये काय काय घालतात कोण जाणे, आपण अस्सल मधमाशीचं मेण घालायचं असं मी ठरवलं. झरी जामणीकडच्या जंगलात मध काढणाऱ्या बायका येतात, त्यांच्याकडून मेणाचे मोठे गोळे आणले. त्यातल्या एकीने बजावलं होतं, "बाई, चांगलं कढवून गाळून घेजो." मी म्हटलं, हो हो. बीएस्सी झालेय मी.

कढवलं. गाळलंही, पण घाईघाईत, चहाच्या गाळणीने.

यवतमाळच्या एका डॉक्टरसाहेबांची पांढरी गाडी होती, तिच्यावर पहिला हात मारला. अशी चमकली की शालीकदादा तिच्यात बघून भांग पाडू लागला. डॉक्टर खुश होऊन गेले. दुसऱ्या दिवशी फोन आला.

"मॅडम, चमक तर जबरदस्त आहे जी. पण एक सांगा, मुंगळे काहून प्रदक्षिणा घालून राह्यले?"

मध राहिला होता मेणात. गाडी परत आली ती मुंगळ्यांच्या वरातीसकट. दिलीपने ती लांबूनच पाइपने धुतली. तेव्हापासून माझ्या वॅक्सचा प्रत्येक डबा शालीकदादा आधी जिभेने चाखून बघतो. किती वेळा सांगितलं, दादा, हे खायचं नसतं. तो म्हणतो, "गोड नाही ना लागून राह्यलं, मग चालते."

*

ह्या शालीकदादाची एक सवय आहे, आणि तिच्यापायी माझं बीपी वाढलंय. कुठलीही गाडी तयार झाली की तो तिच्या बॉनेटवर उघडा तळहात फिरवतो. तसं केल्याशिवाय त्याच्या मते गाडी तयारच होत नाही. "डोळे फसवतात वं वंदे, हात नाही फसवत." मी सकाळपासून घासून घासून आरसा करावा, आणि ह्याने ग्रीसचा पंजा उमटवावा!

शेवटी दिलीपकडून पाटी रंगवून घेतली. मोठ्या लाल अक्षरांत, 'गाडीला हात लावू नये.' भिंतीवर ठोकली. दुसऱ्या दिवशी बघते तर त्याच पाटीच्या खिळ्याला शालीकदादाने जेवणाचा डबा टांगलेला. पाटी झाकलेली आणि बॉनेटवर पंजा.

"दादा, पाटी वाचली नाही का?"

"वाचली नं. पण ते बाहेरच्यायसाठी हाय."

*

मग आल्या दिग्रसच्या कुसुमताई. वय साठीच्या आसपास, कापसाच्या व्यापारातलं जुनं घर. सोबत ट्रक, आणि ट्रकवर ताडपत्रीखाली एक निळी, एका सीटची, चाकं उघडी असलेली रेसची गाडी. त्यांच्या वडिलांची, अप्पाजींची. तरुणपणी अप्पाजी ही घेऊन मद्रासकडे विमानांच्या जुन्या धावपट्टीवर शर्यतीत पळवायचे. नंतर घरच्या कापसाच्या जिनिंग मिलचा भार आला आणि गाडी कापसाच्या गोदामात गेली, ती तिथेच राहिली.

गाडी उतरवताना रस्त्यावरची गर्दी आत आली. एका ट्रॅक्टरवाल्याने तिला चहूबाजूंनी बघून विचारलं, "हिच्या मांगं ट्रॉली कुठं लावता जी?"

कुसुमताई हसल्या. मग भिंतीवरची माझी पाटी त्यांनी वाचली आणि आणखी हसल्या. म्हणाल्या, "आमच्या घरी हेच चालायचं. मी लहानपणी गूळ खायची अन् तोच हात गाडीले लावायची. बाबा कधी मारत नव्हते. फक्त ओरडायचे, 'कुसे, फडकं आण.' मी फडकं आणायची, ते पुसायचे, मी पुन्हा हात लावायची."

हसता हसता त्या थांबल्या. मी चहा पुढे केला. तेव्हा त्यांनी खरं काय ते सांगितलं. अप्पाजींची आठवण जात चालली होती. आधी गावातली माणसं गेली, मग नातेवाईक. आता ते कुसुमताईंनाही 'बाई' म्हणत. 'बाई, तुम्ही फार करता जी माझं,' असं म्हणत.

"मले वाटते, गाडी तरी वळखतील," त्या म्हणाल्या. "गाडी वळखली तर कदाचित गाडीसोबत मीही आठवीन."

शालीकदादाने बॉनेटवर हात ठेवला आणि म्हणाला, "करू ताई." त्या दिवशी मी त्या पंजावरून ओरडले नाही, गाडी तशीही गंजलेली होती.

*

गाडीने आम्हाला काय दाखवायचं बाकी ठेवलं नाही. इंजिन उघडलं तर आत सरकी. टाकीत सरकी. सीटखाली उंदरांचं अख्खं गाव. शालीकदादाने एकेक भाग काढला, धुतला, काही भाग सापडत नाहीत म्हणून स्वतः लेथवर बनवून घेतले. शेवटी इंजिन सुरू करायचा दिवस आला.

त्याच दिवशी दिलीपने शेजारी बॉनेट रंगवून वाळत ठेवलं होतं. ओला निळा रंग, त्याच्या जिंदगीतला सगळ्यात देखणा, असं तो स्वतःच म्हणाला. शालीकदादाने इंजिनला झटका दिला. खोकली, थांबली, परत खोकली, आणि मग सायलेन्सरमधून धडाम करून आवाज आला.

आणि कापूस निघाला! किती वर्षांचा दबून बसलेला कापूस हो तो, सगळा हवेत. आम्ही नाचत होतो, गाडी चालू झाली म्हणून. दिलीप नाचत नव्हता. तो बॉनेटकडे बघत होता.

"दादा," तो म्हणाला, "ह्याले आता खोळ शिवा, गादी तयार हाय."

*

दुसऱ्यांदा रंग झाला आणि घोळ झाला तो आकड्याचा.

गाडीच्या बाजूला पांढरा ७ होता, अर्धा उडालेला आणि चांगलाच तिरपा. दिलीपने तो घासून काढला आणि नवा काढला. काय सरळ, काय सुबक! आम्ही कौतुकाने कुसुमताईंना बोलावलं. त्या आल्या, सात बघितला आणि त्यांच्या डोळ्यांत पाणीच आलं. आम्हाला वाटलं आनंदाचं.

"वाकडा होता तो," त्या म्हणाल्या. "बाबांनी मले कडेवर घेऊन काढला होता. मी वळवळ करत होती म्हणून वाकडा झाला."

त्यांनी घरून जुना फोटो आणला. फोटोत तो सात खरंच एका बाजूला कललेला. आम्ही तिघं जण माना खाली घालून उभे राहिलो. जुनी गाडी नवी करायच्या नादात आम्ही तिच्यातली खरी जुनी गोष्टच पुसून टाकली होती.

आता दिलीपला तो सात पुन्हा वाकडा काढायचा होता. आणि त्याला येईना. सरळच यायचा. "दादा, चुकून वाकडं गेलं असतं तर गेलं असतं. जाणूनबुजून कसं काढू?" फोटो समोर धरला, डाव्या हाताने काढून पाहिला, डोळे मिटून पाहिला. डोळे मिटूनही सरळ!

शेवटी शालीकदादाने पुट्टीचा भरलेला डबा उचलला आणि दिलीपच्या कडेवर दिला. "धर. अन् आता काढ." वरून मला म्हणाला, "वंदे, डबा हालव."

मी डबा हलवला. सात असा झकास वाकडा आला की फोटोशी लावला तर फरक कळेना. कुसुमताई बघून म्हणाल्या, "पण मी एवढी जड नव्हती हो."

*

ट्रायलची गोष्ट शालीकदादासमोर सांगायची नाही, त्याला राग येतो. तो आत्ता चहा आणायला गेलाय म्हणून सांगते.

हायवेवर ही गाडी नेता येत नाही, म्हणून एका गावाकडच्या कच्च्या रस्त्यावर सकाळी ट्रायल ठेवली. शालीकदादा हेल्मेट घालून बसला. दिलीप मोबाइल घेऊन व्हिडिओ काढायला पुढच्या वळणावर. मी त्याच्या शेजारी. गाडीचा आवाज आला, दिलीपने मोबाइल वर धरला. वळणावरून आधी आली एक बैलबंडी, तुरीच्या तुराट्यांनी भरलेली. तिच्या मागे, बैलांच्याच चालीने, आमची रेस कार.

बंडीवाले काका सारखे मागे वळून बघत होते. "भाऊ, हॉर्न मारा नं, बाजूनं जाऊ देतो तुमाले."

"नाही काका, तुम्ही चाला आरामात," शालीकदादा हेल्मेटमधून ओरडला. "जोरात नेली तर गोटे उडतात. पेंट नवा हाय."

अख्खा रस्ता तो बंडीच्या मागेच गेला. तो व्हिडिओ अजून दिलीपच्या मोबाइलमध्ये आहे, आणि शालीकदादा त्याला त्यापायी महिन्यातून एकदा मटण खाऊ घालतो.

*

आता शेवटचा.

कुसुमताई अप्पाजींना घेऊन आल्या. धुतलेला पायजमा, इस्त्रीचा कोट, हातात काठी. त्या दिवशी मी गाडीवर माझ्या नव्या पॉलिशचा शेवटचा हात दिला होता आणि कोणालाही जवळ येऊ देत नव्हते. अप्पाजींनी गाडीला सावकाश एक चक्कर मारली.

"सुंदर," ते म्हणाले. "कोणाची हाय जी?"

"तुमचीच हाय, बाबा," कुसुमताई म्हणाल्या.

"नाही हो बाई, माझी कुठली?"

शालीकदादाने इंजिन सुरू केलं. ते मान हलवत ऐकत राहिले. "आवाज चांगला हाय. मालकाले सांगा." मग ते सातापाशी वाकले. आम्ही सगळे पुढे सरकलो. दिलीपने तर हात जोडले होते.

"सात वाकडा आला जरा," अप्पाजी म्हणाले. "पेंटर बदला."

एरवी मी पोट धरून हसले असते. कुसुमताईंकडे बघितलं आणि हसू आलं नाही. त्या पर्समध्ये काहीतरी शोधत होत्या, उगाच. मला रडू यायला लागलं म्हणून मी पेढ्यांचा डबा उघडला. गाडी तयार झाली की आमच्याकडे पेढे वाटतात, तेवढी रीत तरी व्हावी. अप्पाजींनी पेढा घेतला, सगळ्यांना नमस्कार केला. "चला बाई," ते कुसुमताईंना म्हणाले, "उशीर होईल तुम्हाले," आणि दाराकडे वळले.

शालीकदादाच्या तोंडात पेढा होता. त्याचं मन कुठे होतं देव जाणे, पण हात आपला सवयीने गेला आणि बॉनेटवर पसरला. पेढ्याचा हात, ताज्या पॉलिशवर. मी ओरडायला तोंड उघडलं.

माझ्याआधी काठी पडली. सट्‌कन, त्याच्या मनगटावर.

"हात काढ. माह्या गाडीले हात नाही लावायचा, किती खेप सांगू?"

शालीकदादाने हात काढला. निळ्या बॉनेटवर पाच बोटं तुपकट उमटली होती. अप्पाजी त्यांच्यावर वाकले. कपाळाला आठ्या घालून त्यांनी ती नीट बघितली आणि मागे न बघता हात मागे केला.

"कुसे, फडकं आण."

माझ्या हातात नवंकोरं फडकं होतं. मी ते कुसुमताईंच्या हातात कोंबलं. त्यांनी ते अप्पाजींच्या हातात दिलं, आणि तिथेच उभ्या राहिल्या, लहान पोरीसारख्या. अप्पाजी पुसू लागले, गोल गोल, मन लावून.

"पुन्हा गूळ खाऊन हात लावला का वं?"

"हो, बाबा," कुसुमताई म्हणाल्या.

शालीकदादाने पेढ्याचा हात हळूच खिशात घातला.