कोटाच्या मापाचा

अण्णा माणसाला नावाने ओळखत नसत, खांद्याने ओळखत. गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढलं की त्यांची नजर आधी डाव्या खांद्यावर जाई, मग उजव्या खांद्यावर, आणि चेहऱ्यापर्यंत पोचायला तिला बराच वेळ लागे. समोरच्या कॅफेचा मालक ‘अठरा’ होता. कोपऱ्यावरचा फुलवाला ‘पावणेअठरा, उजवा पडका’. मला त्यांनी पहिल्याच दिवशी ‘साडेसोळा’ करून टाकलं. माझं खरं नाव त्यांनी विचारलं ते चौथ्या-पाचव्या भेटीत, आणि तेही पावतीवर लिहायचं म्हणून. लिहून झाल्यावर म्हणाले, “चांगलं नाव आहे. चहा घेणार का, साडेसोळा?”

बेंगळुरूच्या कोरमंगलात मी राहत होतो त्या पीजीच्या मागच्या गल्लीत, दोन कॅफेंच्या मध्ये चेपलेलं त्यांचं शिंप्याचं दुकान होतं. एका मशीनवर अण्णा, दुसऱ्यावर ब्लाउज शिवणारी त्यांची लेक वीणाक्का. त्यांचे पूर्वज काही पिढ्यांपूर्वी इकडे आले आणि इथलेच होऊन गेले. घरात मराठी बोलत, पण ती अशी की माझ्या साताऱ्याच्या कानाला पहिले काही दिवस निम्मीच कळे. मी साताऱ्याचा आहे हे मी त्यांना किमान दहा वेळा सांगितलं असेल, तरी ते मला शेवटपर्यंत ‘पुण्याकडचा’च म्हणत राहिले. त्यांच्या लेखी बेळगावच्या पलीकडे सगळं पुणंच होतं.

मी त्यांच्याकडे गेलो तो वडिलांचा कोट घेऊन. वडील जाऊन तेव्हा दीड वर्ष झालं होतं. ते एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते, अंगाने दणकट, आणि आयुष्यात त्यांनी एकच कोट शिवून घेतला, स्वतःच्या लग्नातला. पुढे गावातल्या प्रत्येक लग्नाला तोच चाले. आता मे महिन्यात ताईचं लग्न ठरलं होतं आणि आई म्हणाली होती, “व्याह्यांना सामोरा जाशील तेव्हा ह्यांचा कोट घाल. तिकडं कुणाकडून तरी बारीक करून घे.” कोट घालून मी पीजीतल्या आरशासमोर उभा राहिलो तर हँगरलाच अडकवल्यासारखा दिसत होता. बाकी कशाचं नाही, पण मांडवाच्या दारात मी वडिलांचे कपडे घालून आलेलं पोर दिसेन, या विचाराने मला झोप लागेना.

अण्णांनी कोट हातात घेतला, उलटा केला, अस्तर चाचपलं आणि डाव्या कोपराच्या झिजलेल्या जागेवर बोट ठेवलं. “डाव्या कोपरावर टेकून बसायचे काय ते?”

वडील तसेच बसत. पंगतीत, पारावर, टीव्हीसमोर. हे आम्हा घरच्यांशिवाय कुणाला ठाऊक असायचं कारण नव्हतं, आणि बेंगळुरूच्या एका गल्लीत ते एका शिंप्याने नुसत्या कोटावरून ओळखलं होतं. मी ‘हो’ म्हटलं. खांद्यातून बारीक करायचाय, हेही सांगितलं.

“खांदा साडेसतराचा आहे ह्याचा. तू साडेसोळा. इंचभर कापायचा म्हणतोस?” त्यांनी कोट घडी करून माझ्याकडे सरकवला. “कोट बरोबर आहे. चूक तुझ्यात आहे. लग्न कधी?”

“मे महिन्यात.”

“आठ महिने आहेत की. कोटाएवढा हो.”

मला वाटलं चेष्टा करताहेत. मी वीणाक्कांकडे पाहिलं. त्या मशीन न थांबवता म्हणाल्या, “अप्पा असंच करतात. कापलेलं कापड परत जोडता येत नाही, म्हणतात. घाई असली तर दुसऱ्या शिंप्याकडे जा. इथं शिलाई स्वल्प, कसरत ज्यास्ती.”

मी दुसऱ्या शिंप्याकडे गेलो नाही, हा माझा शहाणपणा होता की आळस, हे आजही सांगता येणार नाही. दुसऱ्या दिवसापासून सकाळी सातला, गल्ली जागी व्हायच्या आत, माझी शाळा सुरू झाली. पहिले पंधरा दिवस अण्णांनी मला जमिनीला हात लावू दिला नाही. भिंतीला हात टेकून जोर काढायचे. मी थोडा दुखावलो. पीजीतला माझा खोलीतला सोबती मोबाइलमधल्या अ‍ॅपवर रोज शंभर पुश-अप मारत असे, आणि इथे मी भिंत ढकलत होतो. भिंतीनंतर कापडं बेतायच्या टेबलाची कड आली, तिच्यानंतर बाकडं, आणि दिवाळीच्या सुमारास एकदाची जमीन.

जमिनीवर आल्यावर मात्र त्यांचा खरा स्वभाव कळला. ते दोऱ्याचं रिकामं रीळ माझ्या छातीखाली उभं करत आणि त्यावर कापडावर खुणा करायचा निळा खडू ठेवत. छाती खडूला लागली तरच जोर मोजायचा. मला शॉर्टकटची सवय. कंबर खाली, छाती वर, असं करून मी दणादण पुढे जाई. अण्णा मात्र शांतपणे त्याच आकड्यावर बसून राहत. “सात… सात… सात… अजून सातच की रे.”

“अण्णा, अर्धा तरी धरा.”

“अर्धी बाही शिवून देऊ काय तुला?”

त्यांनी आठ महिन्यांत एकही अर्धा जोर मोजला नाही. गयावया केली, दम लागल्याचं नाटक केलं, एकदा तर खरोखरच तोंडावर आपटलो. त्यांनी आधी खडू मोडला का ते पाहिलं. या प्रकारामुळे मारतहळ्ळीच्या ऑफिसात मी छातीवर निळा ठिपका घेऊन जाऊ लागलो. आधी लोक विचारत, मग विचारेनासे झाले. मला त्या ठिपक्याचा मनातून अभिमान वाटू लागला होता, पण हे अण्णांना सांगायची सोय नव्हती.

अण्णांचं दुसरं वेड म्हणजे बरोबरी. जितकं ढकललं तितकं ओढायचं. त्यासाठी त्यांनी खिडकीच्या गजाला जाड नवार बांधून ठेवली होती. तिची टोकं धरून मागे रेलायचं आणि स्वतःला ओढून सरळ करायचं. दहा जोर, दहा ओढी. मग बैठका. बैठका मी टाळायचो. एकदा म्हणालो, कोट तर वरचाच भाग आहे ना? अण्णा चष्म्यावरून बघत म्हणाले, “लग्नाला नुसता कोट घालून जाणार? पँट कोण भरणार?” वीणाक्का इतक्या हसल्या की त्यांचा टाका चुकला.

रविवारी मात्र व्यायामाला सुट्टी. नवं कापड भिजवून वाळवतात, मग बेततात, तसं अंगालाही वाळायला वेळ द्यावा, असं त्यांचं म्हणणं. त्या दिवशी डब्यातून हुलग्याचं सार घेऊन येत आणि मी ते पीत असताना समोर बसून राहत. पीजीतल्या जेवणाबद्दल त्यांचं मत इतकं वाईट होतं की ते मी इथे लिहीत नाही.

आणि स्वतः अण्णा? बहात्तरीचे, अंगाने वेताच्या छडीसारखे, पण पन्नास वर्षं मशीनवर वाकूनही पाठ ताठ. एक बाही शिवून झाली की उठत, भिंतीला टाच, पाठ आणि डोकं टेकवून उभे राहत, नवारीने पाच ओढी काढत आणि परत बसत. समोरच्या कॅफेतल्या मुली बघताहेत असं दिसलं तर पाचाच्या आठ होत. वीणाक्का म्हणत, “अप्पा, पुरे.” त्यांना ते ऐकू जात नसे.

महिन्याच्या शेवटी माप घ्यायचे. हा सोहळाच असे. माप पाठीवरून घेतात, त्यामुळे टेप मला दिसत नसे. अण्णा बोलतील ते खरं. नोव्हेंबरअखेर त्यांनी जाहीर केलं, “पावणेसतरा.” त्या दिवशी मी ऑफिसात दरवाजे उगाच जोरात ढकलत फिरलो.

तिथेच माझी मती फिरली. पाव इंचाला तीन महिने, म्हणजे इंचाला वर्ष लागणार; लग्न त्याआधी. मग मी सोबत्याचं अ‍ॅप चोरून वापरायला लागलो. संध्याकाळी पीजीत पन्नास जोर, पुढे ऐंशी. ओढायला तिथे काही नव्हतं आणि मला गरजही वाटत नव्हती, कारण आरशात समोरून छाती छान दिसत होती. जानेवारीत अण्णांनी मला कोट घालून उभं केलं आणि मागे गेले. पाठीवरचं कापड दोनदा हाताने सारखं केलं. मग टेपचा थंड पत्रा मानेला लागला.

“साडेसोळा.”

“असं कसं होईल?”

“पुढून ढकललंस, मागून ओढलं नाहीस. दोन्ही खांदे पुढे आलेत. पाठीवर चुण्या बघ, धोबी रडेल.” ते चिडले नव्हते, त्यानेच मला जास्त लाज वाटली. “कुठं केलंस हे?”

मी अ‍ॅपचं सांगितलं. त्यांनी मोबाइल मागून घेतला, त्या पडद्यावरच्या पिळदार माणसाकडे निरखून पाहिलं आणि म्हणाले, “ह्याचा कोट मी शिवणार नाही. बसायचा नाही.” पुढचे तीन आठवडे मला जोर बंद. नुसतं ओढायचं, आणि भिंतीला पाठ लावून उभं राहायचं. लग्न चार महिन्यांवर आलेलं आणि मी होतो तिथेच परत. एका सकाळी नवार हातात धरून मी त्यांना म्हणालो, “अण्णा, नाही जमणार. कापून टाका कोट. आई काही बोलणार नाही.”

ते काज करत होते. सुई खाली ठेवून म्हणाले, “आई बोलणार नाही. तू आयुष्यभर बोलशील. ओढ.”

मी ओढलं. फेब्रुवारी, मार्च, एप्रिल. मी आता चाळीस पुरे जोर काढत होतो, चाळीसही वेळा खडू लागत होता, आणि अण्णा आकडे पुढे नेत होते. गावी निघायच्या आदल्या दिवशी शेवटचं माप झालं. कोट त्यांनी आठवडाभर आधीच ठेवून घेतला होता, अस्तर नीट करायचं म्हणून. माझ्या पाठीवर टेप धरून ते नेहमीपेक्षा जास्त वेळ उभे राहिले आणि मग गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “साडेसतरा.” कोट अंगावर चढवला. कुठे ढिला नाही, कुठे ओढ नाही. मी त्यांच्या पाया पडायला वाकलो तर म्हणाले, “वाकू नको, चुणी पडेल.”

मांडवाच्या दारात मी उभा होतो तेव्हा आई आतून बाहेर आली आणि मला बघून थबकली. कॉलर नीट होती, तरी तिने ती नीट केली. मामा म्हणाले, “अगदी बापाची अंगकाठी.” त्या दिवशी मला वडिलांची जितकी आठवण आली तितकी त्यांच्या दिवसकार्यातही आली नव्हती. परत येऊन हे सगळं अण्णांना सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, “पाठीवर चुणी?” नाही म्हटल्यावर त्यांचं समाधान झालं. त्या दिवसापासून मी ‘साडेसतरा’ झालो.

पुढे मी सर्जापूर रोडला राहायला गेलो, पण शनिवारची सकाळ अण्णांचीच राहिली. घरी दाराच्या कडीला नवार बांधली. खडूही आणला. एकटा असतानाही छाती टेकली नाही तर मी आकडा पुढे नेत नाही. कानात ‘सात… सात…’ वाजत राहतं.

गेल्या श्रावणात अण्णा गेले. आदल्या दिवशी संध्याकाळी त्यांनी एक बाही पुरी केली होती आणि भिंतीला पाठ टेकून उभे राहिले होते, असं वीणाक्का म्हणाल्या. त्यांना न्यायला आलेल्यांत अठरा होता, पावणेअठरा होता, आणि कितीतरी खांदे होते ज्यांची मापं मला ठाऊक नव्हती. मी रडलो. लपवलंही नाही.

मागच्या महिन्यात चुलतभावाच्या लग्नासाठी कोट काढला, तर खांद्यात घट्ट. मी तो वीणाक्कांकडे नेला. म्हटलं, जुनं कापड आहे, आटलं असेल. त्यांनी ब्लेडने अस्तर उसवलं, आत बोटं घातली आणि थांबल्या.

“अप्पांचा हात आहे.”

दोन्ही खांद्यांच्या शिवणीत पाव-पाव इंच कापड दुमडून, पांढऱ्या धावदोऱ्याने टाचून ठेवलं होतं. कुठे कात्री लागली नव्हती. पाव आणि पाव, अर्धा इंच. म्हणजे मांडवाच्या दारात मी सतरा होतो. आठ महिने माझा एकही अर्धा जोर न मोजणाऱ्या माणसाने गल्लीला ऐकू जाईल असं ओरडून अर्धा इंच खोटं सांगितलं होतं. मला हसू येत होतं, राग येत होता, आणि भांडायला अण्णा नव्हते.

“तुम्हाला माहीत होतं?”

“शिवताना बघितलं मी,” वीणाक्का म्हणाल्या. “म्हटलं, एवढं कापड आत कशाला, कापून टाका. तर म्हणाले, नको, त्याला लागणार आहे.”

त्यांनी मला पाठमोरं उभं केलं आणि टेप लावला.

“साडेसतरा.”

“अक्का, टेप दाखवा.”

त्यांनी खुणेवरचा अंगठा न हलवता टेप माझ्यासमोर आणला. साडेसतराच होतं. मग त्यांनी धावदोरा एकेक टाका करून काढला आणि कापड मोकळं केलं. कोट आता बरोबर बसतो. दोन्ही खांद्यांवर जुन्या घडीची एक बारीक रेघ राहिली आहे. इस्त्रीने जाईल, असं वीणाक्का म्हणाल्या. मी म्हटलं, राहू द्या.