दोन भिंगांच्या कॅमेऱ्याचा भाव काढायला बनारसला

जानेवारीत बनारसला जाऊ नका, धुक्यानं गाड्या रखडतात, असं मी विचारणाऱ्या प्रत्येकाला सांगते. या वर्षी मात्र मी जानेवारीतच गेले, कारण दादाचा फोन आला.

"कपाट खाली करायचंय," दादा म्हणाला. "बाबांचा कॅमेरा आणि दुर्बीण तू घेऊन जा. पण पहले भाव काढू. निम्मी वस्तू तुझीच आहे, बाकी निम्म्याचे पैसे दे."

"तसाच दे की. भाऊ ना तू?"

"आईच्या घरात असं चालत नव्हतं."

ते खरं होतं. आमच्या घरी पेढासुद्धा सुरीनं कापून दोघांत वाटला जायचा.

आमच्या घरातली ही 'दुर्बीण' म्हणजे फोटो पाहायचं लाकडी यंत्र. बाबा बनारसला शिक्षक होते. स्वातंत्र्यानंतर देश सोडून जाणाऱ्या एका इंग्रज साहेबाकडून त्यांनी दोन भिंगांचा स्टिरिओ कॅमेरा घेतला. भिंगांमधलं अंतर आपल्या दोन डोळ्यांइतकं असतं, आणि एकाच क्षणी दोन फोटो निघतात. ते एका पुठ्ठ्यावर शेजारी शेजारी चिकटवून दुर्बिणीतून पाहिले की दोन्ही मिळून एक चित्र होतं, आणि त्यात पुढचं पुढे, मागचं मागे दिसतं. आईला दुर्बिणीतून पाहिलं की चक्कर यायची, म्हणून ती कधी धड पाहायचीच नाही. तिच्या लेखी एका पुठ्ठ्यावर तोच फोटो दोनदा होता, आणि मुलं दोन होती. बाबा गेल्यावर तिनं बावीसच्या बावीस पुठ्ठे कात्रीनं मधोमध कापले. डावे तुकडे दादाला दिले आणि उजवे मला पोस्टानं पुण्याला पाठवले. चाळीस वर्षं झाली त्याला. तेव्हापासून ते माझ्या अल्बममध्ये काळ्या कोपऱ्यांत बसवलेले होते.

पुण्याहून थेट गाडी आहे, सव्वीस-सत्तावीस तासांची. मला चौतीस लागले. सोबत थेपले, संत्री आणि दादानं आठवणीनं आणायला सांगितलेला तो अल्बम. स्टेशनबाहेरून मैदागिनपर्यंत ई-रिक्षा मिळते. तिथून पुढे गल्ल्यांतून पायीच जायचं, त्यामुळे चाकांची बॅग नेऊ नका, पाठीवरची न्या. मंगला गौरीच्या गल्लीत शिरले आणि एका खिडकीतून मराठीत कुणीतरी कुणाला तरी रागावत असल्याचं ऐकू आलं. माहेर आलं.

वहिनींनी गरम चुडा-मटर पुढे ठेवला, म्हणजे इथले मटार घातलेले पोहे, वर आल्याचा कीस. "हे बघ, कॅमेऱ्याची केस कशी चमकवलीय," दादा म्हणाला. बुटाचं पॉलिश लावून त्यानं ती आरशासारखी केली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आधी मलइयो खाल्लं. दुधाचा केशरी फेस, मातीच्या कुल्हडात, फक्त थंडीतच मिळतो आणि ऊन चढलं की संपतो. मग घाटाघाटांनी चालत मुन्शी घाट गाठला. धुक्यात नावा जवळ येईपर्यंत दिसत नव्हत्या. दादा दोनदा पायरी चुकला. "ये कोहरा," तो म्हणाला, आणि मीही धुक्यालाच दोष दिला.

मुन्शी घाटाच्या वरच्या गल्लीत मेहरोत्राजींचं जुन्या कॅमेऱ्यांचं दुकान आहे. दुकान केवढं, तर आम्ही दोघं आत गेल्यावर त्यांना स्टूल बाहेर ठेवावं लागलं. एका नगाचा भाव सांगायचे ते दोनशे रुपये घेतात. त्यांनाच वस्तू विकली तर घेत नाहीत. कुणाच्या घरी असा कॅमेरा पडून असेल तर त्यांची पद्धत ऐकून ठेवा.

केसकडे त्यांनी एकदाच पाहिलं. "पॉलिश किसने किया?"

"मैंने," दादा अभिमानानं म्हणाला.

"हजार रुपया घिस दिया आपने, बाबूजी." गिऱ्हाइकाला जुनं जुनंच दिसायला हवं असतं, चमकवलेलं नको असतं.

मग त्यांनी भिंगांच्या कडांवरचे नंबर वाचले. दोन नंबर जवळचे असले तर जोडी मूळची. लांबचे असले तर एक भिंग कधीतरी बदललेलं, आणि किंमत निम्म्यावर येते. आमचे एकापुढचा एक निघाले. मग मागचं झाकण उघडून, पुढून टॉर्च धरून, शटरच्या सर्वांत सावकाश वेगावर त्यांनी बटण दाबलं. दोन्ही डोळे एकदम उघडायला आणि एकदम मिटायला हवेत. आमचं उजवं किंचित मागे राहत होतं.

"देर से उठता है," दादा लगेच म्हणाला. "मतलब खराब है. दाम कम कीजिए."

"साफ करून घेतलं की होईल ते," मी म्हटलं. "नंबर देखिए ना, जोडी असली है."

मेहरोत्राजींनी आम्हा दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. "बेचने वाला कौन है?"

"मैं," दादा म्हणाला.

"और लेने वाली?"

"मैं," मी म्हटलं.

"तो उलटा क्यों झगड़ रहे हैं? पचास साल में ऐसा सौदा नहीं देखा."

त्याला जास्त मिळावेत म्हणून मी भाव चढवत होते, आणि मला कमी पडावेत म्हणून तो उतरवत होता. मोबाइलवर तसाच कॅमेरा साठ हजारांना असल्याचं मी दाखवलं, तेव्हा मेहरोत्राजी हसले. "दीदी, ये माँगा हुआ दाम है. बिका हुआ दिखाइए." तो कॅमेरा तीन वर्षं तिथंच पडून आहे म्हणे. शौकीन माणूस वीस हजार देईल, पण तो कधी येईल ते सांगता येत नाही. तोवर माल धूळ खातो, म्हणून दुकानदार नऊच्या वर जात नाही. घरातल्या घरात द्यायचं तर मधला आकडा धरावा.

कापलेले फोटो पाहून मात्र त्यांनी कपाळावर हात मारला. "ये किसने किया?"

"आईनं," आम्ही दोघंही एकदम म्हणालो.

"पूरे होते तो कैमरे से ज़्यादा के थे. अब बाज़ार में इनका कुछ नहीं."

दुर्बिणीचा भाव राहिला होता. त्यांनी दादाचा डावा तुकडा आणि माझा उजवा एका कोऱ्या पुठ्ठ्यावर शेजारी बसवला. नेमका तोच फोटो, ज्यावरून आमचं फोनवर कित्येकदा वाजलंय. राजा घाटाच्या पायऱ्यांवर आई आणि लहानगा दादा, आणि कडेला एक छोटा हात. मी म्हणते तो माझा. दादा म्हणतो, तू त्या दिवशी शाळेत होतीस, कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी शनिवारी थांबवून घेतलं होतं. तो मागून जाणाऱ्या फुलवालीच्या पोरीचा हात.

"बारी-बारी से देखिए," मेहरोत्राजी म्हणाले. "पहले सिर्फ़ बाईं आँख."

दादानं उजवा डोळा मिटला. "धुंधला है. बाएँ शीशे में जाला लग गया है. अब तो आधा दाम हुआ," तो खूश होऊन म्हणाला.

मेहरोत्राजींनी भिंग पुसून परत दिलं. "अब?"

"वैसा ही."

मी दुर्बीण घेतली आणि डाव्या डोळ्यानं पाहिलं. आईच्या नथीतला मोतीसुद्धा दिसत होता.

मग दोन्ही डोळे उघडले. आई पायरीवरून पुढे आली. तिच्यामागे पायऱ्या, त्यामागे गंगा. आणि तो हात मागच्या पायरीवर नव्हताच. तो सगळ्यांत पुढे होता, आणि मुठीत आईचा पदर होता.

मी दुर्बीण खाली ठेवली. वाद जिंकायची ती वेळ नव्हती.

"शीशा ठीक है, बाबूजी," मेहरोत्राजी हळूच म्हणाले.

दादानं चष्मा काढून पुसला. "मला वाटलं, या साली कोहरा ज़्यादा आहे," तो म्हणाला.

आणि हा माणूस रोज स्कूटर चालवत होता!

पॉलिशचे आणि दुरुस्तीचे वजा जाता दोन्ही नगांचे मिळून बारा हजार ठरले. मेहरोत्राजींनी चारशे घेतले आणि चहा पाजला. तिसऱ्या दिवशी वहिनी आणि मी दादाला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. मोतीबिंदू, चांगला पिकलेला. "दोन वर्षं सांगतेय ह्यांना," वहिनी म्हणाल्या, "म्हणायचे, चष्मा पुसून दे." ऑपरेशनची तारीख तीन आठवड्यांनंतरची मिळाली.

निघताना मी वहिनींच्या हातात सहा हजार ठेवले आणि कॅमेरा पाठीवरच्या बॅगेत घातला. दुर्बीण दादाच्या कपाटात परत ठेवली. अल्बममधले माझे बावीस तुकडे काढून तिच्याशेजारी ठेवले.

"हे काय? हिशेबात नाही बसत," दादा म्हणाला.

"ऑपरेशननंतर बघ. मग बोलू."

येताना गाडी जवळजवळ वेळेवर होती. एकूण खर्च, येण्याजाण्याचं भाडं धरून, कॅमेरा सोडला तर पाच हजारांच्या आत बसला. कॅमेरा आता पुण्यात माझ्या टेबलावर आहे, उजवा डोळा अजून किंचित उशिरा उघडतो. दुरुस्त करून घेणार आहे. अल्बम उघडला की काळे कोपरे दिसतात, मधला कागद तेवढा नव्यासारखा. मोबाइलवर फोटो काढून आणलेत, पण ते सपाट आहेत.

काल सकाळी दादाचा फोन आला. पट्टी काढून आठवडा झाला होता. हॅलो नाही, काही नाही.

"अगं, तू पदर धरलायस आईचा," तो म्हणाला.

"हो."

"मग शाळेत कोण गेलं होतं त्या दिवशी?"