सोनं धुवायची थाळी

हेन्री फाँग गेल्याचं मला त्याच्या गाळ्याशेजारच्या चहावाल्याने फोन करून सांगितलं. दुपारी जेवून तो नेहमीसारखा पेशंटच्या खुर्चीत रेलला, डोळा लागला, तो उठलाच नाही. वाईट वाटलंच, पण खरं सांगायचं तर आधी हायसं वाटलं. दुसऱ्यांचे दात उपटण्यात जन्म गेला, पण स्वतःला इंजेक्शन म्हटलं की या गड्याला घाम फुटायचा. नळ्या-बिळ्या लागायच्या आत तो सुटला. फक्त एक गोष्ट त्याच्या मनात राहून गेली होती आणि ती माझ्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हती... त्यामुळे ते हायसं वाटणं फार टिकलं नाही.

चिंचपोकळीला आम्ही शाळेत एका बाकावर होतो. तो हेन्‍या, मी विज्या. त्याचं घराणं चिनी, आणि वडिलांचा दातांचा गाळा होता, पाटीवर गुलाबी हिरड्यांची कवळी रंगवलेली. तेव्हा गिरणगावात सोन्याच्या दाताची हौस फार. दातावरची सोन्याची टोपी घासताना कण खाली पडत, म्हणून आठवड्याचा केर त्याचे वडील एका खोलगट लोखंडी थाळीत घेत आणि पाणी घालून गोल गोल हलवत. माती वाहून जाई, सोनं तळाला राही. थाळी त्यांच्या आजोबांची, म्हणजे हेन्‍याच्या पणजोबांची. काम झालं की पुन्हा खिळ्यावर. पुढे सोन्याचे दात गेले, तरी हेन्‍याचं केर धुणं चालूच. मी चिडवायचो, "अरे, प्लॅस्टिकच्या भुग्यातनं काय निघणार तुला?"

"कचरा निघतो," तो म्हणायचा. "पण हाताची सवय जाता कामा नये रे."

चीनशी लढाई झाली तेव्हा आम्ही लहान होतो. त्या पाटीवर दगड पडले. पेशंट यायचे बंद झाले, वडिलांना चौकीत हजेरी लावावी लागे. वर्गात हेन्‍याशेजारी बसणारा मी एकटा उरलो, आणि तेही शौर्य म्हणून नव्हे, मला गणितं तोच दाखवायचा. त्याला घरी जेवायला आणलं तर चाळीतल्या बायका कुजबुजल्या. माझी आई त्यांच्या देखत मालवणीत म्हणाली, "ह्यो झील काय लढाईक गेल्लो? बस रे, जेव." हेन्‍या ते मरेपर्यंत विसरला नाही. माझ्या आईला खांदा द्यायला तो माझ्याही पुढे होता.

त्याच दिवसांत वडिलांनी त्याला थाळीची गोष्ट सांगितली. आपल्याला हे नवीन नाही, असं म्हणून. इंग्रजांच्या राज्यात ऑस्ट्रेलियात सोनं सापडलं तेव्हा पणजोबा आणि त्यांचा धाकटा भाऊ कँटनकडच्या गावातून तिकडे गेले. बंदरावर फक्त चिन्यांना डोईपट्टी, म्हणजे माणशी कर, तो चुकवायला जहाजवाल्याने दूरच्याच किनाऱ्यावर उतरवलं. तिथून खाणीपर्यंत पायी. गोऱ्यांनी खणून टाकून दिलेली माती हे दोघे पुन्हा धूत, आणि तिच्यातून सोनं निघालं की चोर ठरत. धाकटा तापाने गेला. त्यांच्यात रीत अशी, की काही वर्षांनी हाडं उकरायची, धुवायची आणि गावी घरच्यांकडे पाठवायची. पण त्याआधीच एका पहाटे गोऱ्यांचा जमाव आला. तंबू जाळले, चिन्यांच्या शेंड्या कापल्या. पणजोबा हाताला लागलेली थाळी घेऊन पळाले, जहाजावर सुतारकाम करत मुंबईला लागले आणि रे रोडच्या लाकडाच्या वखारीत राबले. भाऊ तिकडेच राहिला. त्याच्यापाशी घरचं कुणीतरी जाऊन यावं, एवढं प्रत्येक पिढीने पुढच्या पिढीला सांगितलं.

हेन्‍याने मात्र सांगितलं नाही. त्याची एकुलती एक लीना नेमकी त्याच देशात नोकरीला गेली, तिथेच रमली. मी म्हणायचो, "एक शब्द टाक तिच्याकडे." तो मान हलवायचा. "पोरगी तिथे ताठ मानेने राहतेय. तिच्या डोक्यावर कशाला देऊ हे?" त्याच्या पायात विमानात बसायची ताकद उरली नव्हती, आणि तोंड तो उघडेना.

लीना आली. त्याच्या वडिलांशेजारी, चिनी दफनभूमीत हेन्‍याला ठेवलं. दहाव्याला माझी बायको सुमन तिथे पान घेऊन निघाली. भात, वडे, सुकी करंदी. मी म्हटलं, "अगं, त्यांच्यात कावळा शिवत नाही." तर म्हणाली, "आपल्यात जेवला ना तो जन्मभर?" पान ठेवलं. भिंतीवर कावळ्यांची रांग, खाली एकही उतरेना. सुमनने सगळं कबूल करून पाहिलं, गाळा नीट ठेवू, लीनाला माहेरपण करू... राखणदार हसू दाबत होता. सुमन मला म्हणाली, "काही राहिलं असेल तर बोला हो." तेव्हा मला राहवेना. हेन्‍याने जन्मभर झाकलेलं मी त्याच्या कबरीपाशी लीनाला सगळं सांगून टाकलं, आणि ती आता रागावेल म्हणून जमिनीकडे बघत राहिलो.

ती माझ्याशेजारी येऊन उभी राहिली. मग म्हणाली, "विजूकाका, ते खाणीचं गाव माझ्यापासून लांब नाही. सकाळी गाडीने निघाले तर दुपारी परत घरी. पप्पा एकदा बोलले असते तर..." डोळे पुसून ती कबरीकडे वळली. "पप्पा, मी जाते." कावळा आला. त्याला भूकही लागली असेल, मी वाद घालत नाही. पण माझ्या छातीवरचा दगड उतरला आणि मी तिथेच मातीत बसून रडलो.

जाताना लीनाने गाळ्याची किल्ली माझ्याकडे दिली आणि खिळ्यावरची थाळी बरोबर नेली. गेल्या आठवड्यात तिचा फोन आला. गावाबाहेर जुन्या चिनी कबरींची एक ओळ आहे, दगडांवरची नावं झिजून गेलेली.

"आपला दगड कुठला, ते कळेना काका," ती म्हणाली. "मग थाळीत पाणी आणून सगळेच धुतले."

थाळी आता तिच्या घरी आहे. गाळ्याला रंग देताना रंगाऱ्याने भिंतीतला खिळा उपटायला पक्कड लावली, मी त्याला थांबवलं. दुपारी मी हेन्‍याच्या खुर्चीत रेलतो. समोर तो रिकामा खिळा दिसतो, आणि मला निवांत झोप लागते.