लाजणारा पाय

गेल्या रविवारी पाथरीहून परभणीला येताना आमची महिनाभराची नवी गाडी पंक्चर झाली. हजर होतो मी, बायको आणि रस्त्याकडेचा पंक्चरवाला.

चाक बसवून तो पान्याच्या दांड्यावर एक पाय देऊन नट आवळू लागला. गाडीच्या पुस्तकात नट किती जोराने आवळायचे त्याचा आकडा होता, त्यावरून मी हिशेब केला: एवढ्या लांब पान्यावर सदतीस किलो भार हवा. कमी पडला तर चाक निसटेल, जास्त झाला तर बोल्ट तुटेल.

"तुमचं वजन किती?"

"सत्तर. पण एक पाय जमिनीवर हाय की सायेब!"

मग पान्यावर किती? शेजारच्या कांदेवाल्याचा काटा मागून मी त्याला तसाच पाय दाबायला लावला. आधी एकतीस आले, मग चव्वेचाळीस.

"काट्याकडं बघून पाय लाजायलाय," तो म्हणाला. बायको हसत सुटली.

परभणीपर्यंत मी गाडी ताशी चाळीसच्या वर नेली नाही. तिथल्या गॅरेजवाल्याकडे ठरवलेल्या आकड्याइतकाच नट आवळणारा मापाचा पाना होता.

"बरोबर किती ते बघून आवळा," मी म्हणालो.

"आमी सगळ्याच गाड्यांना एकच आकडा ठेवतो. तुमाला किती पायजे?"

आकडा शेवटी मीच सांगितला, आणि त्याचे दोनशे रुपये त्याला दिले.