सुभेदारांची फटफटी आणि माझं पत्रक

अन्याय झाला तो साताऱ्यातल्या एका निवृत्त सुभेदारांवर. बेंदराच्या सणानंतरच्या दुसऱ्या रविवारी, सकाळी सव्वादहा वाजता, एस.टी. स्टँडच्या दारात. अन्याय करणारा मी. ज्यांनी मला पत्रकं लिहायला शिकवलं त्यांचा नियम होता : कुणावर, कधी, कुठं, कुणी केला ते आधी सांगायचं, विशेषणं मागाहून. त्या रविवारी मी विशेषणांपासूनच सुरुवात केली होती.

दुष्काळ सरून दुसरा पावसाळा चालू होता. आमच्या संघटनेचं काम माण तालुक्यात. तिथं पिण्याच्या पाण्याच्या टाक्या कागदावर बांधून झालेल्या आणि गावात बायका अजून घागरी घेऊन दोन-दोन मैल चालत होत्या. साताऱ्याहून दहिवडीपर्यंत एस.टी., पुढं पायी. परतीची गाडी चुकली की मारुतीच्या देवळात मुक्काम. शेवटी फटफटी घ्यायची ठरली. नवी घ्यायची तर नंबर लावून वर्षानुवर्षं थांबायचं, तोवर माणची माणसं काय वाट बघत बसणार? जुनीच घ्यायची ठरली.

जुनी गाडी म्हटलं की साताऱ्यात सगळे एकाच घराकडं बोट दाखवायचे. सुभेदारांनी सगळी नोकरी फौजेच्या गाड्या दुरुस्त करण्यात काढलेली. निवृत्तीनंतर त्यांच्या अंगणात दर रविवारी सकाळी दरबार भरायचा. ज्याला कुणाला जुनी गाडी घ्यायची असेल तो ती दाखवायला आणायचा. सुभेदार गाडीभोवती एक फेरी मारायचे, वाकून बघायचे, वास घ्यायचे आणि म्हणायचे, "घे." नाहीतर, "नगं." एवढंच. पैसे घ्यायचे नाहीत, चहा मात्र समोरच्यालाच पाजायचे. त्यांच्या 'घे'वर माणसं डोळे मिटून गाडी न्यायची. त्या अंगणातल्या रविवारवर त्यांचा जीव होता.

मी त्यांचीच गाडी घेतली. गुडघे दुखायला लागले म्हणून त्यांनी ती विकायला काढली होती. चावी हातात देताना त्यांनी मला उभं करून ऐकवलं, "हे बघ गड्या, फौजेत सकाळी गाडीची परेड असती. आधी डोळं, मग हात, मग पाना, आन् सगळ्यात शेवटी किक. चेन ढिली हाय का, चाकात हवा हाय का, केबल तुटाय आलीया का, तेल कुठं गळतंय का, टाकीचं झाकण पुसलंय का. रोज धा मिंटं. जमंल?"

"जमंल की," मी म्हणालो आणि किक मारली. शेवटचंच तेवढं पाळलं.

गाडी घेऊन मी पलूसजवळच्या आमच्या गावी गेलो. वाटेत कुठं खोकलीसुद्धा नाही. घरी पोचलो तो बेंदराचा आदला दिवस. त्या दिवशी आमच्याकडं बैलांचे खांदे मळतात. वर्षभर जूं वाहिलेल्या खांद्याला हळद आणि तेल चोळायचं, दुसऱ्या दिवशी धुऊन-पुसून शिंगं रंगवायची, पूजा करायची. वडील दोन्ही बैलांचे खांदे मळून मोकळे झाले, हातात वाटी तशीच, आणि गोठ्याशेजारी उभ्या फटफटीकडं बघायला लागले.

"आबा, तिला कशाला?" मी म्हटलं.

"का? कामाला जुंपलीयास न्हवं? मग तिनं काय घोडं मारलंय?"

"तिला खांदा कुठाय?"

ह्यावर घरात चर्चा झाली. आई म्हणाली, पुढचा दिवा म्हणजे डोळा, तिथं नको, चुरचुरंल. वडिलांनी हँडल बघितलं, ते शिंगं म्हणून उद्यासाठी राखून ठेवलं. उरला टाकीवरचा गोल, उंच भाग, म्हणजे पेट्रोलच्या टाकीचं झाकण. ते कपाळ ठरलं. वडिलांनी बोटानं घट्ट हळद घेतली आणि झाकणावर अशी चोळली, अशी चोळली की खिलारी बैलालाही हेवा वाटावा. वर आईनं कुंकू लावलं. माझ्या शबनम पिशवीत त्या वेळी अंधश्रद्धेवरची पत्रकं होती. पण समोर आई होती. मी हसत उभा राहिलो.

दुसऱ्या दिवशी बैल ओढ्यावर नेले, चोळून धुतले. फटफटीला धुवायचं काम माझ्यावर सोपवलं होतं. मी हँडलला फुगे बांधले आणि गावात एक फेरी मारून आलो. हळद तशीच वाळली.

परतीच्या वाटेवर, कऱ्हाडच्या अलीकडं, गाडी बंद पडली. ढकलत एका मेकॅनिककडं नेली. त्यानं झाकण उघडून "पेट्रोल हाय का?" बघितलं, झाकण लावलं, प्लग काढून पुसला. किक मारली, चालू! पुढं काही मैलांवर पुन्हा बंद. दुसऱ्या मेकॅनिकनंही आधी झाकण उघडलं, मग पॉइंट घासले. चालू! तिसऱ्यानं झाकण उघडलं, कार्बोरेटरवर पान्यानं दोन टोले दिले. चालू! प्रत्येकजण आपल्या इलाजावर खूश आणि मी प्रत्येकाच्या पाया पडायचा बाकी. पुढच्या आठवड्यात वर्धनगडाच्या घाटात पुन्हा तेच. वरून आलेला एक धनगर मेंढरं थांबवून बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "पावणं, हिला चारा टाकलाय का?"

माणमधली बैठक चुकली. बायका उन्हात दोन तास बसून उठून गेल्या. तिथं माझं डोकं फिरलं. फौजेचा माणूस, लोकांचा विश्वास, आणि असला सौदा? मी तडक साताऱ्याच्या छापखान्यात गेलो.

छापखानेवाले मजकूर वाचून म्हणाले, "छापायच्या आधी एकदा त्यांना गाडी दाखवलीस का?"

"लोकांच्या प्रश्नाला उशीर चालत नाही," मी म्हणालो.

"लोकांचा प्रश्न? तुझी फटफटी बंद पडली ना?"

 मी गुलाबी कागद निवडला. 'माजी सैनिकाकडून तरुण कार्यकर्त्याची घोर फसवणूक! नागरिकहो, जाब विचारा!' खाली सुभेदारांचं नाव, पत्ता, हुद्दा, सगळं ठळक टायपात. रविवारी सव्वादहाला स्टँडच्या दारात वाटायला उभा राहिलो. लोक हात पुढं करकरून घेत होते. इतकं खपलेलं पत्रक माझ्या हातून आजवर दुसरं निघालेलं नाही, पाण्याच्या टाक्यांवरचंसुद्धा नाही.

साडेअकराला सुभेदार स्वतः आले. चालत, पांढरा सदरा, इस्त्रीची विजार. माझ्या हातातलं एक पत्रक मागून घेतलं आणि तिथंच ताठ उभं राहून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. भोवती घोळका जमला. मी भांडायची सगळी तयारी केली होती.

"गाडी कुठाय?" ते म्हणाले.

"ती काय."

"चालू हाय?"

"आत्ता आहे. थोड्या वेळानं नसेल."

"चल मग. मी मागं बसतो. पडंल बंद तिथं बघू."

असा मी, ज्याला चोर म्हणून छापलं त्याला पाठीमागं बसवून साताऱ्यातून निघालो. लोक दोन्ही बाजूंनी बघत होते. मागून आवाज आला, "आज अंगणात दोघं गाडी दाखवाय आलं हुतं. तुझं पत्रक कुणीतरी आणून दिलं. त्येंनी वाचलं, म्हणालं जरा जाऊन येतो. आलं न्हाईत."

मी गियर बदलला.

माहुलीचा पूल ओलांडून थोडं पुढं गेलो आणि गाडी गप्प झाली. मी सवयीनं उतरून झाकणाला हात घातला.

"हात काढ!" त्यांचा फौजी आवाज मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. "कायबी करू नगं. फकस्त बघ." त्यांनी टाकीला कान लावला. मग झाकण अगदी सावकाश फिरवलं. फुस्स करून हवा आत गेली. "ऐकलंस? दम कोंडलाय हिचा. झाकणाला श्वासाचं भोक असतंय. ते बुजलं की वरनं हवा जात न्हाई, हवा गेली न्हाई की पेट्रोल खाली उतरत न्हाई. झाकण उघडलं की दम घेती, पुन्ना चार मैल पळती."

तीन मेकॅनिक माझ्या डोळ्यांपुढून गेले. तिघांचाही इलाज झाकणात होता आणि तिघांनाही पत्ता नव्हता.

सुभेदारांनी बांधावरच्या बाभळीचा काटा मोडला, झाकणाच्या भोकात फिरवला. पिवळी कडक गुळी बाहेर आली. त्यांनी ती नाकाशी नेली.

"हळद?"

"बेंदराला लावली. आबांनी."

"कपाळ म्हून?"

"हो."

ते हसायला लागले ते थांबेचनात. बांधाला टेकून डोळे पुसले. "आरं, तुझ्या वडलांचं काय चुकलं न्हाई. बैलाला लावली, दुसऱ्या दिशी बैल धुतला. तू हिला धुतलीस का?"

"नाही."

"पुसायला सांगितलं हुतं का न्हाई मी?"

"हो."

मग हसणं थांबलं. त्यांनी खिशातलं गुलाबी पत्रक काढलं, घडी उलगडली. "आता ह्याला कुठला काटा घालू?" एवढंच म्हणाले आणि पत्रक परत खिशात ठेवलं. 

त्याच आठवड्यात मी दुसरं पत्रक छापलं. 'दोष माझा, गाडी निर्दोष, सुभेदार सच्चे.' छापखानेवाल्यांनी कागदाचे पैसे घेतले नाहीत, हसण्यातच वसूल झाले म्हणाले. पुढच्या रविवारी त्याच जागी, त्याच वेळेला उभा राहिलो.

"कसलं हाय?" एकानं विचारलं.

"माफीचं."

"मग ऱ्हाऊ द्या."

दुसरा म्हणाला, "पहिलं शिल्लक हाय का? आमच्या मेव्हण्याला पायजे." दुपारपर्यंत निम्मा गठ्ठा तसाच. शेजारच्या भजीवाल्यानं तो मागून नेला. माझी माफी साताऱ्यात तेलकट होऊन फिरली.

तेव्हापासून मी दर रविवारी फटफटी सुभेदारांच्या अंगणात नेतो. चेन ताणतो, प्लग घासतो, केबलला तेल सोडतो, झाकण दोनदा पुसतो. ते बाजेवर बसून चुका काढतात : "तो नट उलटा फिरवतोयस रं, भाषण न्हाई ते." गाडी त्यानंतर एकदाही रस्त्यात थांबलेली नाही, माणच्या बैठका वेळेवर होतात आणि दोन गावांना टाक्या मिळाल्यात. पण अंगणात बहुतेक रविवारी आम्ही दोघंच असतो. कुणी जुनी गाडी घ्यायला निघाला की परभारे दुसरीकडं दाखवून आणतो. विचारलं तर म्हणतात, "तसं काय न्हाई, पण कायतरी छापून आलं हुतं न्हवं?"

छापून आलं होतं. मी छापलं होतं. आणि ज्यांनी ते हौसेनं घेतलं, घरी नेलं, चारचौघांत मोठ्यानं वाचलं, त्यांच्याशीच मी बोलतोय. तुम्ही ते कुणाकुणाला वाचून दाखवलंत ते तुम्हाला ठाऊक आहे. त्यातल्या एकेकाकडं जा आणि माझं हे तिसरं पत्रक वाचून दाखवा, तितक्याच मोठ्यानं. आणि येत्या रविवारी तुमची गाडी घेऊन सुभेदारांच्या अंगणात या. उद्या-परवा बघू म्हणू नका. या.