वन्सं आणि माझी करंगळी

आमच्याकडे फोन नव्हता. आमचे फोन शेजारच्या शहाकाकूंकडे यायचे आणि त्या गॅलरीतून हाक मारायच्या. त्या दिवशी त्यांनी हाक मारली नाही, स्वतः दारात येऊन उभ्या राहिल्या. "शोभाबेन, हॉस्पिटलमधून फोन होता. कुमुदबेनला काम करता करता चक्कर आली. तुम्ही लगेच निघा." मी हुक लावत असलेला ब्लाउज मशीनवर तसाच टाकला आणि घरातल्याच सपाता घालून रिक्षात बसले. मुलुंडहून घाटकोपरपर्यंत मी रिक्षावाल्याला "भाऊ, जरा लवकर" म्हणत राहिले. वन्सं शेजारी असत्या तर त्यांनी त्याला उलट सांगितलं असतं, "हळू घ्या हो, आम्हाला घाई नाही." ... या गोष्टीला आता दीडेक महिना होत आला.

कुमुदवन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. लग्न केलं नाही, आमच्याचकडे राहिल्या. म्युनिसिपालिटीच्या हॉस्पिटलात ऑक्युपेशनल थेरपिस्ट होत्या. भाजलेले, कापलेले, आखडलेले हात पुन्हा कामाला लावायचे, हे त्यांचं काम. आणि काळजी करणं हा जोडधंदा! जिन्यावरून परत येऊन गॅस बघायच्या, बसस्टॉपवरून परत येऊन कुलूप ओढून बघायच्या. मी एकदा वैतागून म्हटलंही, "वन्सं, गॅस कधीचा बंद आहे, तुम्हीच चालू आहात." त्या हसल्या आणि हसता हसता पुन्हा एकदा बटण बघून आल्या. माझा स्वभाव नेमका उलटा. मला त्यांच्या या घोरामुळे गुदमरायला व्हायचं, हे आज त्या नसताना लिहिते आहे, पण त्या असतानाही मी ते लपवलं नव्हतं.

आमच्याकडे रंगीत टीव्ही नुकताच आला होता, त्या सुमाराची गोष्ट. शोकेसची सरकती काच अडकली म्हणून मी जोर लावला आणि काच फुटून उजव्या मनगटात घुसली, करंगळीच्या बाजूने. ऑपरेशन झालं, तुटलेली नस, रक्ताची नव्हे, स्पर्श कळवणारी, डॉक्टरांनी जोडली. पण करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट, दोन्ही माझी राहिली नव्हती. आत वळून पक्ष्याच्या नखीसारखी झाली होती, आणि त्यांना स्पर्श म्हणून कळत नव्हता. कापड हातात धरलं तर ते वायल आहे की पॉपलीन, हे मी त्याच बाजूने चाचपून सांगायची. माझी शिलाई त्या बोटांवर होती. नस हळूहळू वाढते, वाढली तर वाढते, कुणी खात्री देत नाही, असं डॉक्टर म्हणाले. तोवर बोटं त्याच वळणात आखडून गेली, तर नस येऊनही उपयोग नाही.

त्यासाठी स्प्लिंट, म्हणजे बोटं योग्य वळणात धरून ठेवणारा साचा. आज पुष्कळांना हा शब्द माहीत आहे, तेव्हा मला नव्हता. ज्या प्लास्टिकचं ते करतात ते इथे सहज मिळायचं नाही. परदेशातून येणाऱ्या कुणाच्या तरी बॅगेतून एखादी शीट यायची, आणि वन्सं तिचे तुकडे सोन्यासारखे पुरवून वापरायच्या. पुठ्ठ्यासारखा कडक पांढरा तुकडा गरम पाण्यात टाकला की पोळीच्या कणकेइतका मऊ व्हायचा. मग तो झाऱ्याने उचलायचा, पुसायचा, हातावर बसवायचा आणि थंड होईपर्यंत हलायचं नाही. माझं स्प्लिंट करताना वन्संनी तो तुकडा आधी स्वतःच्या दंडावर ठेवला, मग गालाला लावला, मग पुन्हा दंडावर. तोपर्यंत तो गार होऊन कडक झाला! परत पाण्यात. असं दोन-तीनदा झालं. मी म्हटलं, "अहो वन्सं, लावा ना एकदाचं. मला कुठे चटका कळणार आहे?"

"म्हणून तर," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या पेशंटला भाजलं तर तो ओरडतो गं. तू ओरडणारच नाहीस."

शेवटी ते बसलं. बोटांची मुळं वाकवून धरणारं, म्हणजे पुढचे सांधे सरळ राहतात, आणि वर कापडी पट्टा. घरी आल्यावर वन्सं सारख्या पट्टा सोडायच्या, कातडी लाल झाली का बघायच्या, पुन्हा बांधायच्या. जेवताना, टीव्ही बघताना, पाहुण्यांसमोरसुद्धा. "दुखत नाहीये हो," मी म्हणायची. "दुखत नाही हीच तर भीती आहे," त्या म्हणायच्या. माझ्या नवऱ्याने एकदा बहिणीला चिडवलं, "ताई, तिला हॉस्पिटलातच ठेव ना, ड्युटीवर बघत बसशील." त्यांना ते लागलं. त्याच आठवड्यात, स्प्लिंट काढून मी हट्टाने चहा करत होते, तेव्हा करंगळीखाली टरारून फोड आला. पातेलीचा काठ लागला असणार. मला पत्ताच नाही! वन्संनीच तो बघितला. ओरडल्या नाहीत. फोडावर मलम लावताना त्यांचे ओठ नुसते हलत होते, आणि त्या दिवसापासून मला ओट्याजवळ फिरकू दिलं नाही. मला पहिल्यांदा खरी भीती वाटली ती तेव्हा. हा हात माझ्या अंगाला नुसता लटकलेला आहे, असं वाटलं.

दर रविवारी वन्सं मला डोळे मिटायला लावून पेन्सिलीच्या टोकाने बोटं तपासायच्या. लागलं की सांगायचं. रविवारमागून रविवार गेले, मी गप्पच. वन्सं जेवायच्या कमी झाल्या, मी चिडचिडी झाले. एका रविवारी डोळे मिटून बसले असताना त्यांनी विचारलं, "आता?" मला काहीतरी जाणवलं. मन एकदम वर उडालं... आणि लक्षात आलं, कोपराखालचं टेबल हललं होतं. त्यांनी इतक्या जोराने टोक दाबलं होतं, की अख्खं टेबल हललं.

"वन्सं," मी डोळे न उघडता म्हटलं, "टेबल हललं."

मग पेन्सिल खाली ठेवल्याचा आवाज. डोळे उघडले तर त्या पदर तोंडाला लावून रडत होत्या. "मी तुझी तपासणी नाही करणार गं आता. मला तुझं बोट बरं व्हायलाच हवंय. असल्या माणसाने तपासू नये." दुसऱ्या दिवसापासून मला त्यांच्या विभागातली नीता तपासू लागली आणि वन्सं बाहेरच्या बाकड्यावर, स्वतःच्याच हॉस्पिटलात, नातेवाइकांमध्ये बसू लागल्या. मला त्या दिवशी त्या फार आवडल्या. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा.

किती महिने गेले मोजले नाहीत. मधे करंगळीला मुंग्या यायच्या, त्याचा अर्थ कुणी छातीठोक सांगेना. एकदा वन्सं अंघोळीला गेल्या होत्या. मी संधी साधून तव्यावरची पोळी उलटायला गेले, आणि करंगळीच्या कडेला असा चटका बसला की मी किंचाळले. वन्सं ओल्या केसांनी, साडी कशीबशी गुंडाळून धावत आल्या, नळाखाली माझा हात धरला आणि तोंडाचा पट्टा सुरू केला, "शंभरदा सांगितलं, ओट्याजवळ जाऊ नकोस, आता वाट लागली ना—" आणि मधेच थांबल्या. "तू ओरडलीस?" मी मान हलवली. त्या तिथेच ओल्या फरशीवर बसल्या आणि नळ तसाच वाहत राहिला.

पुढे हळूहळू कापडही कळू लागलं. सगळं नाही, पण माझं काम होण्याइतकं.

...घाटकोपरला पोचले तेव्हा नीता दारातच उभी होती. तिच्या चेहऱ्यावरून कळलं. डॉक्टर म्हणाले, हार्ट फेल, थोडा वेळ झाला, आता काही करण्यासारखं नाही. वन्संना कोपऱ्यातल्या खाटेवर ठेवलं होतं. मी स्टुलावर बसून त्यांचा हात हातात घेतला. माझी करंगळी त्यांच्या तळव्याला टेकली होती, आणि तळवा कोमट होता. डॉक्टरांना सांगावंसं वाटलं, अहो, नीट बघा, हात अजून गरम आहे. नाही सांगितलं. हात मात्र सोडला नाही. बाहेर कागदपत्रं चालली होती, माझा नवरा आला, कुणीतरी पाणी आणून ठेवलं. मी नुसती बसून होते, सगळं लक्ष करंगळीत. त्यांच्या तळव्यातली ऊब थोडी थोडी कमी होत गेली, आणि ती पूर्ण गेली तो क्षण मला बरोबर कळला.