ढगावरचा गंधर्व आणि टर्नबकल

आमच्या हेब्बाळच्या सोसायटीतल्या दसऱ्याच्या नाटकात मी गंधर्व होतो. ढगाच्या फळीवर बसून स्वर्गातून उतरायचं. फळी दोन तारांवर, आणि प्रत्येक तारेत तिची लांबी कमीजास्त करणारं एकेक टर्नबकल. माझं वजन नव्वद किलो.

खरेदीला मी अण्णांबरोबर जयनगरला गेलो. अण्णा म्हणजे स्टेजवर दिवे-पडदे टांगणारे आमचे रिगर, पिढ्यान्‌पिढ्या बंगळूरचे मराठी. मी चकचकीत, हूकवालं टर्नबकल उचललं.

"ते कपडे वाळत घालायला," अण्णा म्हणाले. "ताण आला की हूक उघडतो. माणूस बसवायचा तर घडीव पाहिजे, दोन्हीकडे बंद कडी, वर किती वजन पेलतं ते कोरलेलं."

"मग हे?"

"ह्यावर काय कोरलंय?"

"मेड इन..."

"सरी, कळलं. ठेवा खाली."

अण्णांनी निवडलेलं टर्नबकल मी तिथेच फिरवून पाहिलं. मधला भाग फिरवला की दोन्ही दांड्या एकदम आत येतात, उलटा फिरवला की एकदम बाहेर. कुठली दिशा कुठली, हे मला चार वेळा सांगूनही कळलं नाही.

नाटक खंडेनवमीला होतं. इथे त्या दिवशी आयुधपूजा, ऑटोपासून पान्यापर्यंत सगळ्यांच्या गळ्यात हार. मीही सकाळी शिडीवर चढलो. दोन्ही टर्नबकलांवर गंजकी तार पिळलेली होती, दिसायला भिकार. ती काढली, पुसलं, हळदकुंकू लावलं, झेंडू बांधला. काय देखणं दिसलं म्हणून सांगू!

संध्याकाळी पडद्यामागे मला हातभर उचललं आणि अण्णा ओरडले, "उतरवा!"

"काय झालं?"

"झेंडू फिरतोय! तार कुठंय?"

मी लगेच कबूल केलं. माझ्या वजनाने थरथर झाली की मधला भाग आपोआप उलटा फिरतो आणि तीच तार त्याला अडवते, असं ते म्हणाले. म्हणजे नेमका कुठल्या बाजूला, हे मी विचारलं नाही.

"देवाला नमस्कार करा, साहेब. पण देवाचं काम माझ्याकडून काढून घेऊ नका."

त्यांनी दांड्यांची टोकं मधल्या फटीतून दिसेपर्यंत पुन्हा आवळलं, नवी तार पिळली, तांदळाची पोती चढवून-उतरवून पाहिली. मग म्हणाले, "बसा."

"नक्की?"

"स्वल्प विश्वास ठेवा."

प्रयोगात मी नीट उतरलो. पहिली तीन वाक्यं मात्र विसरलो, कारण नजर वरच्या टर्नबकलांवरून हलेना. समोरच्या रांगेतली एक आजी म्हणाली, "बिचारा! स्वर्ग सोडवत नाहीये त्याला."